पाकीट गाड्यावरच राहतं

फोंड्याच्या कदंब बसस्थानकाबाहेर संध्याकाळी पाचच्या सुमारास कुठल्याही गाड्यापाशी दहा मिनिटं उभं राहिलं की हे बघायला मिळतं. खांद्याला बॅग लावलेला एक मुलगा येतो. कॉलेजचं पहिलं-दुसरं वर्ष असावं, मिशी अजून नीट फुटलेली नाही. "एक दी रे," एवढंच म्हणतो. कुठली ते सांगावं लागत नाही, गाडेवाल्याला ठाऊक असतं. तो फळीखालचं उघडं पाकीट काढतो, खालून बोटाने टिचकी मारतो, एक सिगारेट वर येते, तेवढीच पुढे करतो. पाकीट पुन्हा फळीखाली जातं. वीसची नोट दिली तर सुट्या पैशांऐवजी पेपरमिंटची गोळी हातावर येते, आणि ती गोळी घरी जाईपर्यंत तोंडाचा वास मारायलाही उपयोगी पडते. खांबाला सुतळीने लायटर बांधलेला असतो. मुलगा सिगारेट पेटवतो आणि लगेच तळहाताच्या आत वळवतो, कारण समोरून कोणीतरी ओळखीचं येतंय.

सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटाचा. पण आपल्या देशात सिगारेट आवरण्यासाठी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे जे उपाय केले गेले, त्यांतले बहुतेक सगळे या अर्ध्या मिनिटात निकामी होतात. इशारा, किंमत, वयाची अट, मदतीचा फोन नंबर, यांतलं बरंचसं पाकिटाच्या भरवशावर उभं आहे, आणि ओढणारा माणूस पाकीट हातातच घेत नाही.

मला हे कळायला बाबांचं दुखणं यावं लागलं. बाबा डिचोलीच्या पट्ट्यात खाणीचा ट्रक चालवायचे. खाणीवर माल भरायला रांग, वजनकाट्यावर रांग, जेटीवर रिकामा करायला पुन्हा रांग. प्रत्येक रांगेला एक चहा आणि एक सिगारेट. घरात पाकीट कधी दिसलं नाही. आई पँट धुवायला घ्यायची तेव्हा खिशात सापडायचे ते गोळ्यांचे कागद आणि एखादी अर्धी काडेपेटी. छातीत कळ आली म्हणून हॉस्पिटलात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, दिवसाला किती पाकिटं? बाबा म्हणाले, "पाकीट मी कधी घेतलंच नाही, डॉक्टर." ते खोटं बोलत नव्हते. चाळीस वर्षं रोज पाच-सहा सिगारेटी ओढूनही ते स्वतःला सिगारेट ओढणाऱ्यांत धरत नव्हते, कारण त्यांच्या डोक्यात ओढणारा म्हणजे खिशात पाकीट बाळगणारा.

आता एक सिगारेट शरीरात काय करते ते आधी बघू.

धूर फुप्फुसात गेला की त्यातलं निकोटिन रक्तात उतरतं, रक्त हृदयात येतं आणि तिथून थेट मेंदूकडे जातं. या सगळ्याला साधारण दहा सेकंद लागतात. मेंदूतल्या पेशींवर काही कुलपं असतात, जी शरीराच्या स्वतःच्या एका रसायनासाठी घडवलेली आहेत. निकोटिनचा आकार असा की ती किल्ली त्या कुलपाला लागते. कुलूप उघडलं की डोपामिन सुटतं आणि बरं वाटतं. झुरका आणि बरं वाटणं यांत दहाच सेकंदांचं अंतर असल्यामुळे मेंदू दोन्हींची गाठ पक्की मारतो. दिवसाला दहा सिगारेटी, एका सिगारेटीचे दहा झुरके धरले, तर ही गाठ दिवसातून शंभर वेळा आवळली जाते. दुसरं कुठलंही व्यसन दिवसात इतक्या वेळा सराव करून घेत नाही.

सतत किल्ल्या यायला लागल्या की मेंदू कुलपं वाढवतो. दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं. आता कुलपं जास्त आणि किल्ल्या कमी. माणूस अस्वस्थ होतो, चिडतो, लक्ष लागत नाही. अशा वेळी एक सिगारेट ओढली की शांत वाटतं, आणि तो म्हणतो, "टेन्शन आलं की मला सिगारेट लागते." त्या टेन्शनचा मोठा भाग आधीच्या सिगारेटीनेच आणलेला असतो, हे त्याच्या लक्षात येत नाही. बाबा रांगेत उभे असताना वैतागायचे ते फक्त रांगेला नव्हे.

शिवाय मेंदू आजूबाजूचंही लक्षात ठेवतो. चहाचा ग्लास, इंजिन बंद झाल्याचा आवाज, ठराविक वळण, ठराविक मित्र. आपल्याकडे बारमध्ये बसणाऱ्याला विचारा, पहिला पेग समोर आला की बोटं आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातात. एरवी महिनोनमहिने न ओढणारेही कितीतरी जण ग्लासासोबत एक मागवतात आणि तेवढ्याने पुन्हा सुरू होतात.

अडकवतं ते निकोटिन, पण जीव घेतो तो मुख्यतः धूर. जळत्या तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात आणि त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाला कारण होतात. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो, म्हणजे रक्त वाहतं पण प्राणवायू कमी नेतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने तंबाखूमुळे जगात दरवर्षी सत्तर लाखांहून अधिक माणसं मरतात, आणि भारतात साडेतेरा लाखांच्या घरात.

"मी काय, दिवसाला एक-दोनच ओढतो" असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथे जरा थांबून सांगायला हवी. साधा हिशेब असा वाटतो की वीस सिगारेटींनी जेवढा धोका वाढतो, त्याच्या विसाव्या भागाएवढा एका सिगारेटीने वाढत असेल. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत किती ओढता आणि किती वर्षं ओढता याला खरंच महत्त्व आहे. हृदयाचं गणित मात्र वेगळं आहे. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आधीच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्र पडताळा प्रसिद्ध झाला. रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो, असं त्यात आढळलं. कारण असं की रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर आणि रक्तातल्या गुठळ्या करणाऱ्या पेशी थोड्याशा धुरानेही बिघडतात. पहिल्या सिगारेटीनेच मोठी खोट येते, पुढच्या सिगारेटी त्यात भर घालतात. बाबांच्या पाच-सहा सिगारेटींचा अर्थ मला हे वाचल्यावर लागला.

आणि ती पहिली सिगारेट सहसा एकटी राहत नाही. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा दिसलं की ज्यांनी एकदा सिगारेट चाखली, त्यांतले दोन तृतीयांशांहून अधिक लोक निदान काही काळ तरी रोज ओढणारे झाले. पेपरमिंट तोंडात टाकून बसकडे धावणाऱ्या त्या मुलाबद्दल मला म्हणून काळजी वाटते.

शेजारी बसलेल्याचं काय? बाबांचा क्लीनर कधीच ओढत नसे. पावसाळ्यात काचा वर असायच्या, केबिनमध्ये दोघंच, आणि धूर दोघांच्या वाटणीचा. दुसऱ्याच्या धुराने जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक न ओढणारी माणसं दगावतात. इतका धूर चालेल, अशी सुरक्षित मात्रा कोणी सांगितलेली नाही.

फिल्टरबद्दल थोडक्यात. तो कापसासारखा दिसतो, पण असतो सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. त्याभोवतीच्या कागदाला बारीक भोकं पाडून बाहेरची हवा आत घेतात, म्हणून यंत्रावर मोजलं तर धुरातलं चिकट डांबर कमी भरतं. माणसाच्या हातात आल्यावर बोटं आणि ओठ तीच भोकं झाकतात, आणि निकोटिन कमी पडलं की माणूस झुरका जास्त खोल घेतो. त्यामुळे "हलकी" सिगारेट फुप्फुसाला हलकी पडत नाही. मिरामारच्या वाळूत भरतीच्या रेषेवर जी पिवळट थोटकं दिसतात, ती कुजून मातीत जात नाहीत, ती त्याच प्लास्टिकची.

तंबाखू आपल्याकडे आला तो पोर्तुगिजांबरोबर. तंबाखू हा शब्दच त्यांच्या ताबाकुवरून आलेला. ब्राझीलमधल्या बाहियाचा तंबाखू जहाजाने गोव्यात यायचा, इथे त्याच्या विक्रीचा मक्ता लिलावाने दिला जायचा, आणि ते राजवटीचं चांगलं मोठं उत्पन्न होतं. मोगल दरबारात असद बेगने विजापूरहून नेलेला तंबाखू अकबरापुढे ठेवला तो १६०५ च्या आसपास, आणि बारा-तेरा वर्षांत जहांगीराने त्यावर बंदीही घातली. बंदी टिकली नाही. सरकारला कर मिळतो आणि लोकांना सवय लागते, ही तंबाखूची दुहेरी पकड तेव्हापासूनची आहे.

तंबाखू ज्या किनाऱ्यावर उतरला, त्याच गोव्याने त्याला आवरायलाही लवकर सुरुवात केली, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणारे डॉ. शरद वैद्य यांनी इथे राष्ट्रीय तंबाखू निर्मूलन संघटना उभी केली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून लोक तिला 'नोट' म्हणतात. ऑपरेशनच्या टेबलावर रोज जबडे कापावे लागणाऱ्या माणसाने शाळाशाळांतून मुलांशी बोलायला सुरुवात केली, सरकारदरबारी पाठपुरावा केला, आणि १९९७ मध्ये गोवा विधानसभेने धूम्रपान व थुंकण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. देशभराचा कायदा आला २००३ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. गुटख्याचंही तसंच. गोव्याने २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून गुटखा बंद केला. महाराष्ट्राची बंदी २०१२ ची आणि कर्नाटकाची २०१३ ची.

मधल्या काळात २००१ साली मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपान थांबवण्याचा आदेश दिला. न ओढणाऱ्याच्या जगण्याच्या हक्कावर धूर का लादायचा, हा त्यामागचा साधा विचार होता. मग २००३ चा केंद्राचा कायदा आला. त्याचं लांबलचक नाव कोणी घेत नाही, सगळे 'कोट्पा' म्हणतात. सार्वजनिक ठिकाणी ओढायचं नाही, जाहिरात करायची नाही, १८ वर्षांखालच्याला विकायचं नाही, शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांत विकायचं नाही, आणि पाकिटावर इशारा छापायचा, असे त्याचे पाच मुख्य खांब.

यातल्या सार्वजनिक जागेचा नियम समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यावरून रोज वाद होतात. मूळ कायद्यात "उघडी जागा" वगळलेली होती. २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले आणि त्यांत सांगितलं की लोक जिथे जमतात असं मैदान, स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बस स्टँड यांना उघडी जागा समजायचं नाही. म्हणजे मडगावच्या स्टँडवर छप्पर नाही म्हणून ओढली तरी गुन्हाच, आणि दंड २०० रुपयांपर्यंत. चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत कठड्याला रेलून ओढणारा "वारा आहे ना" म्हणतो, पण सार्वजनिक वाहन सार्वजनिकच असतं. तीस किंवा अधिक खोल्यांचं हॉटेल, तीस किंवा अधिक आसनांचं रेस्टॉरंट आणि विमानतळ, एवढ्यांनाच ओढणाऱ्यांसाठी वेगळी बंद खोली ठेवता येते. तिचा धूर बाहेरच्या बाहेर गेला पाहिजे. कोपऱ्यातलं टेबल म्हणजे ती खोली होत नाही.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत कुठल्याही रूपात तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचं प्रमाण देशात २८.६ टक्के निघालं आणि गोव्यात ९.७ टक्के. सगळ्या राज्यांत हे सर्वांत कमी. ही आपली कमाई आहे. पण आधीच्या, २००९-१० च्या पाहणीतही गोवा सर्वांत खालीच होता आणि तेव्हा आकडा ८.८ होता. देशाचा आकडा ३४.६ वरून उतरला, आपला मात्र उतरला नाही. माझं मत असं की जे मोठ्या कायद्याने थांबवता येण्यासारखं होतं ते आपण बरंचसं थांबवलं, आणि आता जे उरलंय ते या गाड्यावरच्या अर्ध्या मिनिटातून झिरपतंय.

पाकिटावरच्या चित्राचं घ्या. ३१ मे २००९ पासून चित्रमय इशारा आला, तेव्हा तो पाकिटाच्या एका बाजूच्या ४० टक्के भागावर होता. १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर तो छापावा लागतो. सडलेला गळा, कापलेला जबडा. बघवत नाही, आणि बघवू नये म्हणूनच छापलेला. पाकीट बाळगणारा दिवसातून दहा-पंधरा वेळा ते खिशातून काढतो, तितक्या वेळा ते चित्र त्याच्या डोळ्यांपुढे येतं, टेबलावर ठेवलं तर घरातल्यांच्याही. सुटी सिगारेट घेणाऱ्याला फळीच्या वर फक्त पांढरी-पिवळी कांडी दिसते. बाबांनी ते चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं ते आजारी पडल्यावर, नातवाच्या शाळेतल्या पोस्टरवर.

वयाचं घ्या. १८ खालच्याला तंबाखू देणं हा साधासुधा गुन्हा नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलापाशी अख्ख्या पाकिटाचे पैसे नसतात, आणि असले तरी पाकीट लपवायचं कुठे हा त्याच्यापुढे मोठा प्रश्न असतो. एका कांडीला ना पैशांची अडचण ना लपवायची. ओढून झाली की पुरावाच उरत नाही. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांसमोर ओढायची नाही हा जुना धाक अजून आहे, आणि सुटी सिगारेट त्या धाकाला बरोबर बगल देते.

किंमतीचं गणित थोडं सविस्तर सांगतो, कारण तंबाखू कमी करायचा जगभर सिद्ध झालेला सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे कर वाढवणं. आपल्यासारख्या देशांत सिगारेटची किंमत १० टक्क्यांनी वाढली तर खप साधारण ५ टक्क्यांनी उतरतो, आणि तरुण व कमी पैसेवाले लोक सर्वांत आधी कमी करतात. समजा एका पाकिटात दहा सिगारेटी आहेत आणि पाकीट १५० रुपयांचं १६५ झालं. पंधरा रुपयांचा फटका एकदम बसतो, माणूस क्षणभर थांबतो. सुटी घेणाऱ्याला तोच फटका दीड रुपयाचा. पंधराची सिगारेट साडेसोळाची झाली, गाडेवाला सतरा म्हणतो, वीसच्या नोटेवर आधी पाच गोळ्या यायच्या त्या आता तीन येतात. कर वाढल्याची बातमी त्याच्यापर्यंत पेपरमिंटच्या हिशेबाने पोचते. आणि पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त घेतले की नाही, हे तपासायला पाकीट समोर नसतंच.

करातही पळवाटा आहेत. आपल्याकडे सिगारेटवरचा कर तिच्या लांबीवर ठरत आलाय. ६५ मिलिमीटरपर्यंत एक दर, त्यापुढे ७० पर्यंत दुसरा, ७५ पर्यंत तिसरा. मग कंपन्यांनी ६४ मिलिमीटरच्या सिगारेटी बाजारात आणल्या, म्हणजे स्वस्त दरात बसणाऱ्या. कर वाढला की ओढणारा सोडण्याऐवजी आखूड कांडीकडे वळतो. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर वर उपकर बसला, विडीवर बसला नाही. गरीब माणसाचा धूर तेवढा स्वस्त राहिला, आणि तो काही कमी विषारी नसतो.

सुट्या विक्रीवर बंदी घालायचा विचार नवा नाही. कोट्पामध्ये दुरुस्तीसाठी केंद्राने २०१५ मध्ये मसुदा काढला, २०२० मध्ये पुन्हा काढला. दोन्हींत सुटी सिगारेट बंद करण्याचं कलम होतं, दोन्हींचा कायदा झाला नाही. कर्नाटकाने मात्र आपल्या पातळीवर सुटी विक्री बंद केली आणि महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये. सुट्या सिगारेटीवर इशारा दिसत नाही, त्यामुळे कायद्याचा हेतूच फसतो, हा महाराष्ट्राचा मुद्दा होता. आपले दोन्ही शेजारी कागदावर तरी तिथे पोचले आहेत. दोन्हीकडच्या टपऱ्यांवर सुटी आजही मिळते हे खरं, पण कागदावर नियम असला तर निदान तो पाळायला लावता येतो.

याविरुद्ध एक मुद्दा मी स्वतः अनेकांकडून ऐकलाय, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. लोक म्हणतात, सुटी मिळते म्हणून मी दिवसाला तीन ओढतो, पाकीट घ्यावं लागलं तर दहा ओढीन. चाळिशीच्या, मुरलेल्या माणसाबाबत असं होऊही शकतं. गाडेवाल्याचंही आहे. बहुतेक गाडे भजी, चहा, पाण्याच्या बाटल्या यांवर चालतात आणि सिगारेट हे गिऱ्हाईक थांबवणारं आकर्षण असतं. त्याचा नफा कांडीमागे रुपया-दोन रुपये. त्याच्या पोटावर पाय देऊन कायदा राबवा असं मी म्हणणार नाही. पण मुरलेल्याच्या सोयीसाठी नवशिक्याची वाट मोकळी ठेवायची का, असा प्रश्न आला तर मी नवशिक्याच्या बाजूने उभा राहीन. चाळिशीतल्या माणसाला सोडायला मदत करता येते. पंधरा वर्षांच्या मुलाला सुरूच करू न देणं त्याहून कितीतरी सोपं आणि स्वस्त आहे.

२०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना एक चांगली सूचना केली होती. तंबाखू विकायला स्थानिक संस्थेचा वेगळा परवाना असावा, आणि ज्याच्याकडे तो परवाना आहे त्याने बिस्किटं, गोळ्या, चिप्स असलं मुलांचं खाणं विकू नये. तो गाडा डोळ्यांसमोर आणा: पेपरमिंटची बरणी आणि सिगारेटचं पाकीट एकाच फळीच्या वर-खाली. गोळी घ्यायला आलेलं सात वर्षांचं पोर आणि कांडी मागणारा मुलगा एकाच फळीशी उभे असतात. ते पोर कितीतरी वर्षं हा व्यवहार नुसतं बघत मोठं होतं. ही फळी वेगळी झाली तर, मला वाटतं, जाहिरातबंदीइतकाच फरक पडेल. पालिका आणि पंचायती मनावर घेतील तर हे करण्यासारखं आहे.

व्हेपबद्दल दोनच वाक्यं. सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि मग डिसेंबरच्या कायद्याने देशात ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं बंद आहे, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा किनाऱ्यावर कोणी "हे चालतं, यात तंबाखू नाही" म्हणून विकत असेल, तर तो बेकायदा माल विकतोय आणि त्या कांडीतही बहुधा तेच निकोटिन आहे.

आता सोडण्याबद्दल. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचाच पन्नास वर्षं माग काढून केलेल्या अभ्यासात दिसलं की आयुष्यभर ओढणाऱ्याची सरासरी दहा वर्षं जातात. तिशीत सोडली तर ती जवळजवळ सगळी परत मिळतात, चाळिशीत सोडली तर नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीतही तीन. बाबा साठीला आले होते. "आता काय सोडून उपयोग," म्हणाले होते. तीन वर्षं म्हणजे नातवाबरोबर गणपतीच्या तीन चवथी, असं आईने सांगितलं.

शरीर वाट बघत नाही, लगेच कामाला लागतं. एका दिवसात कार्बन मोनॉक्साइड निघून जातो, वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. पण पहिले तीन दिवस अवघड असतात. कुलपं सगळी रिकामी, डोकं जड, झोप उडालेली, घरातल्यांवर ओरडणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सर्वांत जास्त होतं आणि मग दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. तलफ लाटेसारखी येते, काही मिनिटं टिकते आणि ओढली नाही तरी जाते. हे आधी माहीत असलं तर माणूस त्या काही मिनिटांत पाणी पितो, चार पावलं चालतो. निकोटिनचा गम मिळतो, पण तो च्युइंगगमसारखा सतत चावायचा नसतो. दोन-चार वेळा चावून तोंडात तिखटसर झिणझिण जाणवली की गालाच्या आत दाबून ठेवायचा, झिणझिण गेली की पुन्हा थोडा चावायचा. भराभर चावून लाळ गिळली तर नुसती उचकी आणि जळजळ होते, आणि लोक "हे काही कामाचं नाही" म्हणून फेकून देतात. बाबांनी पहिला गम तसाच फेकला होता. किती ताकदीचा घ्यायचा, किती आठवडे घ्यायचा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

दोनदा सोडून बाबांनी पुन्हा सुरू केली. तिसऱ्या वेळी त्यांनी आईला एक काम सांगितलं. रोज सकाळी त्यांच्या खिशातले सगळे सुटे पैसे ती काढून घ्यायची आणि एक पाचशेची नोट ठेवायची. एका सिगारेटीसाठी पाचशेची नोट कोण सुटी करून देणार? गाडेवाला हात हलवायचा आणि बाबा पुढे निघायचे. तेवढ्या वेळात लाट ओसरायची. आता फोनवरून स्कॅन करून एका कांडीचे पैसेही जातात, म्हणून आज सोडणाऱ्याला ही युक्ती पुरायची नाही.

सरकारची एक मोफत मदतवाहिनी आहे. फोन केला की समुपदेशक बोलतो, सोडायचा दिवस तुमच्याबरोबर ठरवतो आणि नंतरही फोन करून विचारपूस करतो. तिचा नंबर २०१८ पासून सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर, त्या चित्राखाली छापलेला असतो. पाकीट गाड्यावरच राहतं, म्हणून तो इथे लिहितो: १८००-११-२३५६.